गावात लोहार उरला नाही

शास्त्रभाग : १ शमुवेल १३:१९–२२, निर्गम ३५:२५–३५



मृगाचा पाऊस जवळ आला म्हणजे आमच्या बीड जिल्ह्यातील खेड्यांत दोन कामांची एकदम घाई उडते. शेतकरी औते बाहेर काढून पेरणीची तयारी करितो, आणि आईबाप मुलांस शाळेत घालण्याच्या खटपटीस लागतात. ह्या दोन कामांचा एकमेकांशी काही संबंध आहे असे फारसे कोणास वाटत नाही. औत शेतात, पुस्तक शाळेत, अशी आम्ही वाटणी करून ठेविली आहे. परंतु वर दिलेला शास्त्रभाग ही दोन्ही एके ठिकाणी आणितो; म्हणून शाळा उघडण्यापूर्वी आपण मिळून त्याचा विचार करावा अशी माझी विनंती आहे.

शौल राजाच्या कारकिर्दीच्या आरंभीची ही हकिकत आहे. इस्राएल लोक देवाने दिलेल्या देशात राहत होते. जमीन त्यांची, बैल त्यांचे, बी त्यांचे आणि घामही त्यांचाच. परंतु सबंध देशात लोहार म्हणून एकही नव्हता. पलिष्ट्यांनी बुद्ध्याच तशी व्यवस्था केली होती. कारण ज्याच्या अंगणात भट्टी पेटते तो आज फाळ घडवील आणि उद्या तलवार घडवील, हे भय त्यांस होते. म्हणून फाळ, कुदळ, कुऱ्हाड ह्यांस धार लावावयाची झाली की इस्राएली शेतकऱ्याने शत्रूच्या दारी उतरून जावे आणि तो मागेल ते दाम मोजून परत यावे, असा क्रम पडला होता.

ह्या दामाविषयी एक गोष्ट वाचकांस सांगण्याजोगी आहे. ह्या भागातील एकविसाव्या वचनात ‘पीम’ असा एक इब्री शब्द आला आहे. शेकडो वर्षे त्याचा अर्थ विद्वानांस लागत नव्हता, आणि कित्येक जुन्या भाषांतरांत तेथे अंदाजाने ‘कानस’ असा अर्थ घेतलेला आढळतो. पुढे विसाव्या शतकात पॅलेस्टाइनच्या भूमीतून दगडाची लहान लहान वजने हाती आली. त्यांवर हाच शब्द कोरलेला होता, आणि तोलून पाहता ती सुमारे साडेसात ग्रॅम भरली. तेव्हा उलगडा झाला की पीम हे शेकेलाच्या सुमारे दोन तृतीयांश भरणाऱ्या वजनाचे नाव असून, तेवढे रुपे एका फाळाच्या धारेसाठी द्यावे लागत असे. पलिष्ट्याने इस्राएलाचे पीक लुटून नेले असे ह्या वचनात कोठे लिहिले नाही. त्याने केवळ धार लावण्याची विद्या आपल्या हाती ठेविली. पिकाचा वाटा मग आपोआप त्याच्या घरी जाऊ लागला. आणि लढाईचा दिवस उगवला तेव्हा शौल व योनाथान ह्यांवाचून कोणाच्याही हाती तलवार किंवा भाला नव्हता.

आता आपल्या गावाकडे दृष्टी फिरवू या. पूर्वीच्या गावगाड्यात सुतार व लोहार हे बलुतेदार असत. पेरणीपूर्वी लोहाराचा भाता पहाटेपासून चाले, आणि जेथे लोहार नसे तेथे घिसाड्यांचे बिऱ्हाड गाडीवर ऐरण घालून येई. आज बालाघाटावरच्या कित्येक खेड्यांत तो भाता थंड पडला आहे. लाकडी तिफणीच्या जागी ट्रॅक्टरची पेरणी आली. मोटेच्या जागी विजेचा पंप आला. खळ्यात बैलांच्या पातीऐवजी मळणी यंत्र आले. हे सर्व चांगलेच झाले. परंतु यंत्र गावात आले आणि यंत्र जाणणारा मात्र आला नाही. ट्रॅक्टर हाकणारे तरुण दर गल्लीत सापडतील; त्याचे चाक खोलून आतील बेअरिंग पाहणारा पंचक्रोशीत एखादा मिळेल. पाऊस पडून गेल्यावर जमिनीस वाफसा येतो तो थोड्याच दिवसांचा असतो. त्या दिवसांत लोखंडाच्या एका लहानशा कडीपायी पेरणी थांबते, मनुष्य मोटारसायकलीवर तालुक्यास जातो, कारागिराची मनधरणी करितो, आणि सुटा भाग मिळाला तर दोन दिवसांनी परत येतो. तोवर वाफसा उडून जातो. बंधूंनो, हा आमचा पीम आहे. हा आम्ही दर हंगामी भरतो. पण तो कोणत्याही वहीत लिहिला जात नसल्यामुळे आमच्या ध्यानात येत नाही.

ह्याहून मोठा दाम आमच्या जिल्ह्यातील दुसरे लोक भरतात. दसरा-दिवाळी झाली की हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. त्यांच्या हिशोबात नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरितात. हा शब्द आम्ही इतक्यांदा ऐकिला आहे की त्यातील दुःख आम्हांस टोचत नाही. देवाने ज्यांस आपल्या प्रतिरूपाचे असे निर्माण केले त्या दोन जिवांची गणती एका हत्याराच्या नावाने होते! मनुष्य हत्यार चालवितो ही देवाची योजना. मनुष्यच हत्यार होऊन दुसऱ्याच्या हाती चालावा, ही ती योजना नव्हे. आणि आता त्या कोयत्याच्याही पोटावर पाय देणारे यंत्र आले आहे. ऊस तोडणारी मोठी यंत्रे रुंद सरीच्या फडांत उतरली आहेत. अरुंद सरीत, लहान तुकड्यात किंवा चिखलात ती नीट चालत नाहीत, म्हणून हातांची तोडणी अजून टिकून आहे. परंतु सरी रुंद करणे काही अवघड काम नव्हे. ज्या मुलाच्या आईबापांनी कोयता चालविला, तो मुलगा त्या यंत्रापुढे रिकाम्या हातांनी उभा राहील, की हातात पाना घेऊन उभा राहील? शाळा उघडण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न हा आहे.

ह्या ठिकाणी मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सुमारे बारा वर्षांपूर्वी आमच्या एका मंडळीतील बाप आपल्या आठवीतील मुलास घेऊन माझ्याकडे आला. शाळेत लोखंडकाम, सुतारकाम, वीज व शेतीची यंत्रे हे विषय शिकण्याची सोय होती, आणि मुलाचा ओढा तिकडे होता. बापाचे म्हणणे असे की, आमच्या वाडवडिलांनी जन्मभर हात काळे केले, आता पोराने खुर्चीवर बसावे. पाळकसाहेब, तुम्हीच त्याची समजूत घाला. मी समजूत घातली. हाताचे काम करणारे पुष्कळ आहेत, तू पुस्तकाकडे लक्ष दे, असे मी त्यास सांगितले, आणि प्रार्थना करून पाठविले. मुलगा आज्ञाधारक होता. त्याने पुढे परीक्षा दिल्या, नोकरीसाठी अर्ज केले, आणि शेवटी लग्न झाल्यावर उचल घेतली. गेल्या वर्षी तो मला भेटला तेव्हा फडातली हकिकत सांगत होता. तोडणीचे यंत्र अर्धा दिवस बंद पडले होते. लांबून मनुष्य आला, त्याने एक पट्टा बदलला, दोन नट आवळले, आणि ह्याच्या दोन आठवड्यांच्या मजुरीइतके पैसे घेऊन तो गेला. “पाळकसाहेब, मी त्याच्या हाताकडेच बघत राहिलो,” एवढेच तो बोलला. त्याने मला दोष दिला नाही. परंतु त्या रात्री मी शमुवेलाचा हा भाग उघडला, आणि इस्राएलात लोहार नाही असे करणाऱ्यांत एखादे वेळी पाळकही असतो, हे मला कळून आले.

त्या बापाचे दुःख खोटे नव्हते. आमच्यापैकी ज्यांच्या पूर्वजांस वेशीबाहेर राहावे लागे, त्यांच्या वाट्यास कष्ट आले होते, पण कसब येऊ दिले नव्हते. लोहाराच्या भात्याजवळ बसून ती विद्या शिकावी अशी मुभा त्यांस नव्हती. म्हणून मिशनच्या शाळेत पाटी हाती आली तेव्हा ती सुटकेची किल्लीच वाटली, आणि ती तशी होतीही. परंतु सक्तीचे कष्ट आणि शिकलेले कसब ह्यांत जमीन-अस्मानाचा भेद आहे. मिसरातील विटा इस्राएलांनीच पाडिल्या आणि अरण्यातील निवासमंडपही त्यांच्याच हातांनी उभा राहिला. हात तेच, पण पहिले काम गुलामीचे होते, दुसरे उपासनेचे.

निर्गमाचा भाग हेच सांगतो. यहूदा वंशातील बसालेल ह्यास देवाने नाव घेऊन बोलाविले, आणि त्यास आपल्या आत्म्याने भरले. कशासाठी? सोने, रुपे व पितळ घडविण्यासाठी, रत्ने जडविण्यासाठी आणि लाकूड कोरण्यासाठी! भविष्यवाद व उपदेश ह्यांसाठी देवाचा आत्मा मिळतो हे आम्ही नित्य सांगतो. परंतु छिन्नी व हातोडी नीट चालावी म्हणूनही देवाने मनुष्यास आत्म्याने भरले, हे आम्ही क्वचितच सांगतो. बसालेलाच्या जोडीस दान वंशातील अहलियाब होता. गणनेच्या दहाव्या अध्यायात इस्राएलाच्या कूचाचा क्रम दिला आहे. त्यात यहूदाचा झेंडा सर्वांच्या पुढे आणि दानाचा सर्वांच्या मागे चाले. सर्वांत पुढचा आणि सर्वांत मागचा, ह्या दोघांस देवाने एकाच कामावर शेजारी शेजारी बसविले. त्यांच्या मनात दुसऱ्यांस शिकविण्याची बुद्धीही घातली, म्हणजे कसब घराण्यात कोंडून न ठेवता सर्वांस द्यावे अशी योजना केली. आणि त्याच अध्यायात कुशल स्त्रियांनी आपल्या हातांनी सूत कातून आणिल्याचे सांगितले आहे; ह्यावरून मुलीस कार्यशाळेत काय काम, असे म्हणण्यास शास्त्राचा आधार मिळत नाही.

यशयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायाच्या शेवटी शेतकऱ्याचाच दाखला आहे. तो नित्य नांगरीतच बसत नाही. जमीन सारखी करून ज्याच्या त्याच्या जागी ते ते बी पेरितो. मळणीच्या वेळी जिऱ्यावर गाडा फिरवीत नाही, ते काठीने झोडतो. भाकरीचे धान्य मळतो, पण त्याचा चुरा होईपर्यंत मळीत नाही. आणि ही समज त्यास देवाने शिकविली असे संदेष्टा म्हणतो. आज आमच्या जिल्ह्यात सोयाबीन पुष्कळ होते. मळणी यंत्राचे ढोल फार वेगाने फिरविले तर सोयाबीनचा दाणा फुटतो, वरून चांगला दिसला तरी आतून दुखावतो, आणि पुढल्या वर्षी बियाणे म्हणून पेरिल्यास उगवत नाही. वेग किती ठेवावा, जाळी कोणती घालावी, हे जाणणे म्हणजे यशयाने वर्णिलेलीच समज होय. ती देवाची देणगी आहे. परंतु देणगी असली तरी ती शिकावी लागते.

शाळेत ही समज कशी येते? मुलगा भट्टीत पोलादाचा तुकडा लाल करितो व पाण्यात विझवितो. तो तुकडा कठीण होतो, पण काचेसारखा ठिसूळ होतो; घाव बसताच मोडतो. मग तो पुन्हा हलक्या आचेवर धरावा लागतो, पृष्ठभागावर गवती पिवळा, मग तपकिरी, मग निळा असा रंग चढू लागतो, आणि योग्य रंगावर थांबविले तर धारही राहते आणि चिवटपणाही येतो. ह्यास पाणी देणे म्हणतात. तीच गोष्ट पंपाची. गावात विजेचा दाब उतरला असता तसाच पंप रेटला तर मोटार अधिक प्रवाह ओढते, तापते, आणि तिचे वाइंडिंग जळते. विज्ञानाच्या पुस्तकातील विजेचा धडा जो मुलगा घोकून विसरला, तो हाताने मोटार खोलल्यावर विसरत नाही. पेरणी यंत्राच्या दात्यांमधील अंतर सूतभर चुकले तर शेतात ओळी कशा बिघडतात हे पाहिल्यावर गणितातील अपूर्णांकही त्यास परके वाटत नाहीत. हात हा पुस्तकाचा शत्रू नसून त्याचा सोबती आहे.

ही कल्पना आमच्या मंडळ्यांस नवी नाही. शेजारच्या अहमदनगरास, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर डी. एम. पेटिट ह्यांच्या नावाने औद्योगिक शाळा चालविली, आणि तेथे मुलांस सुतारकाम व धातुकाम शिकविले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच गावी चर्चिल नावाच्या यंत्रविद्या शिकलेल्या मिशनऱ्याने विणकरांसाठी सुधारलेला हातमाग तयार केला. अलाहाबादेस सॅम हिगिनबॉटम ह्यांनी १९१० साली यमुनेच्या काठी शेतकीचे विद्यालय काढिले. तेथे मेसन वॉ ह्यांनी आमच्या बैलांस झेपतील असे नांगर घडविले. आणि १९४० नंतरच्या दशकात तेथे सुरू झालेला कृषी अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम आशियातील पहिला गणला जातो. जे मिशनरी शुभवर्तमान घेऊन आले त्यांस फाळाची लाज वाटली नाही; ती मागाहून आम्हांस वाटू लागली.

आमच्या मराठी मुलखातील लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण सर्वांस ठाऊक असावे. त्यांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपविण्यास त्यांस फार काळ वाट पाहावी लागली. पुढे १९१० साली औंध संस्थानातील ओसाड माळावर किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. नवे हत्यार आले तरी त्याविषयीचा गैरसमज हटविणारा जाणता मनुष्य लागतो, हा ह्यातील धडा आहे.

आणि आमच्याच काळातील दाखला पुणे जिल्ह्यातील पाबळचा आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे परदेशात शिकलेले शास्त्रज्ञ मोठी नोकरी सोडून १९८३ साली त्या अवर्षणग्रस्त गावी गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम स्थापिला. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातील एक दिवस हातांनी काम करावे, असा अभ्यासक्रम त्यांनी सुरू केला. त्याचे चार भाग आहेत : कार्यशाळेतील काम, वीज व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. मुले गावासाठी खरीखुरी कामे करून देतात, आणि काम शिकविण्यास गावचाच कारागीर येतो. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने हा विषय परीक्षेस मान्य केला. डॉ. कलबाग २००३ साली वारले. पण त्यांचे काम चालू आहे, आणि शाळेत नापास झालेल्या मुलांसही तेथे वर्षभर राहून शिकता येते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावीपासून मुलांस व्यवसायाची ओळख व्हावी, आणि सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ घालवावे, असे सांगितले आहे. दार उघडे आहे. आत जावे की नाही, हे आईबापांच्या व मंडळीच्या मनावर आहे.

आता तीन गोष्टींविषयी सावधगिरीची सूचना दिली पाहिजे.

पहिली ही की, निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेलास कसब मिळाले आणि लगेच बत्तिसाव्या अध्यायात सोन्याचे वासरू घडले. कोरणी तेथेही होती, कसब तेथेही होते. नव्हते ते देवाचे भय. जुने बेअरिंग पुसून नवे म्हणून बसविणे, अडलेल्या शेतकऱ्याकडून पेरणीच्या दिवशी दुप्पट घेणे, मुद्दाम थोडे ढिले ठेवून पुन्हा बोलावणे येईल असे करणे, ह्या सर्व गोष्टी त्या वासराच्याच जातीच्या आहेत. आमचा मुलगा पलिष्ट्याच्या जागी बसून पीम घेऊ लागला, तर इस्राएलाचे काय हित झाले?

दुसरी ही की, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याने धाब्यास कठडा करावा, म्हणजे कोणी पडून घरावर रक्तदोष येणार नाही, अशी आज्ञा आहे. मळणी यंत्राच्या तोंडात हात गेलेली, ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यात लुगड्याचा पदर अडकलेली माणसे आमच्या खेड्यांत आहेत. ह्याच कारणास्तव १९८३ साली देशात धोकादायक यंत्रांविषयी कायदा झाला, आणि मळणी यंत्रास सुरक्षित तोंड व आच्छादन असावे हा त्याचा हेतू होता. ते आच्छादन काम लवकर व्हावे म्हणून जो काढून टाकितो तो कठडा पाडितो. चांगल्या शाळेत मुलास पहिल्या दिवशी हेच शिकवितात : यंत्र बंद केल्यावाचून हात घालू नये, डोळ्यांवर चष्मा घातल्यावाचून घासणीच्या चाकापुढे उभे राहू नये, सैल कपडे घालू नयेत. ही भित्रेपणाची लक्षणे नव्हेत. शेजाऱ्यावर आपणासारखी प्रीती करण्याचा हा भाग आहे.

तिसरी ही की, गरिबांच्या मुलांनी हातोडी धरावी आणि श्रीमंतांच्या मुलांनी लेखणी, अशी वाटणी कोणी करू पाहील तर ती आपण मान्य करू नये. ती जुनीच बलुतेदारी नव्या नावाने आली असे समजावे. आमच्या मुलांनी दोन्ही शिकावे, आणि सर्वांच्या मुलांनी दोन्ही शिकावे. पौलाने व्यवस्थेचा अभ्यास केला होता आणि तंबूही शिवले. करिंथात अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांच्याजवळ राहून तो दिवसा सुई चालवी, आणि शब्बाथ दिवशी सभास्थानात संवाद करी.

मंडळीने काय करावे? प्रथम, ज्या शाळेत असा विषय असेल तेथे तो घेणाऱ्या मुलामुलींस पाठबळ द्यावे, आणि नसेल तेथे पालकांनी मुख्याध्यापकांस भेटून तो मागावा. दुसरे, ऊसतोडीस जाणाऱ्या आईबापांनी मुलांस फडात न नेता शाळेत ठेवावे. त्यासाठी २०२१ साली शासनाने संत भगवानबाबांच्या नावे वसतिगृहांची योजना केली आहे, आणि जेथे वसतिगृहात जागा मिळत नाही तेथे मंडळीतील एखाद्या घराने एक ताट वाढवावे. तिसरे, मंदिराच्या खोलीत मंडळीची एक हत्यारपेटी असावी : पाने, कानशी, हातोड्या, करवत, ग्रीस, वीज तपासण्याचे साधन. अलीशाच्या काळी संदेष्ट्यांच्या शिष्याची कुऱ्हाड यार्देनेत पडली तेव्हा तो कळवळला, कारण ती उसनी होती. दुसऱ्याच्या वस्तूविषयी तशीच कळकळ ह्या पेटीजवळ शिकविता येईल. चौथे, गावात एखादा वृद्ध लोहार किंवा सुतार अजून असेल, मग तो कोणत्याही धर्माचा व जातीचा असो, त्यास सन्मानाने बोलावून मुलांस त्याच्याजवळ बसवावे. भाता विझला तरी त्या हातांतील विद्या अजून विझली नाही.

शेवटी आपल्या प्रभूकडे पाहू या. नासरेथच्या लोकांनी त्यास सुतार म्हणून हिणविले, हे मार्काच्या सहाव्या अध्यायात आहे. दुसऱ्या शतकातील हुतात्मा जस्टिन, जो पॅलेस्टाइनातच जन्मला होता, त्याने लिहून ठेविले आहे की प्रभु नांगर व जू घडवीत असे. बंधूंनो, जू घडविणाऱ्यास बैलाचा खांदा ठाऊक असावा लागतो. जू खरबरीत राहिले तर खांदा सोलतो, सुजतो, आणि मुके जनावर सांगू शकत नाही. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करितात ती ह्याच जाणिवेने. ज्याने तरुणपणी रंधा फिरवून जू गुळगुळीत केले, त्यानेच पुढे कष्टी व भाराक्रांत लोकांस बोलावून, माझे जू सोयीचे आहे असे आश्वासन दिले. त्याच्या हातांस काम ठाऊक होते. म्हणून आमच्या खांद्यांची वेदना त्यास ठाऊक आहे. त्याच हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत, आणि त्या हातांत आम्ही आपली मुले देत आहो.

ज्या मुलास मी बारा वर्षांपूर्वी परत पाठविले, त्याची मुलगी आता शाळेत जाऊ लागली आहे. ह्या हंगामात तिला आजीजवळ ठेवून आईबाप फडावर जावयाचे आहेत. तिचे पुस्तक पाहण्याचे काम मी आपणाकडे घेतले आहे. आणि पुढे ती पाना मागेल तर तिच्या हातून मी तो काढून घेणार नाही, असे मी तिच्या बापास सांगितले आहे.

प्रार्थना : हे प्रभू, तू बसालेलास नाव घेऊन बोलाविलेस, तसे आमच्या मुलामुलींस बोलाव. त्यांच्या हातांस कसब, मनास सचोटी आणि अंतःकरणास तुझे भय दे. मनुष्यास हत्यार म्हणून मोजण्याचे पाप आमच्या जिल्ह्यातून दूर कर. आम्हां वडील माणसांच्या चुका क्षमा कर, आणि आमच्या गावात पुन्हा भट्टी पेटू दे. तुझा पुत्र, नासरेथचा सुतार, आमचा प्रभु येशू ख्रिस्त ह्याच्या नावाने हे मागतो. आमेन.